दोन अब्जांपलीकडची एक मूळसंख्या

२,१४,७४,८३,६४७ ही दहा अंकी संख्या मराठीत दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस अशी वाचली जाते आणि ती मूळसंख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः यांच्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही पूर्ण संख्येने तिला निःशेष भाग जात नाही. विधान एका ओळीत संपते. पण ते छापून प्रसिद्ध झाल्यापासून पक्के सिद्ध होईपर्यंत सुमारे एकशे सत्तर वर्षे जावी लागली, कारण एखादी मोठी संख्या मूळ आहे की संयुक्त, हे तिच्या अंकांकडे पाहून कळत नाही. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या विभाज्यतेच्या कसोट्या तिला लावून पाहिल्या, तर एककस्थानी ७ असल्यामुळे २ आणि ५ बाद होतात, सर्व अंकांची बेरीज ४६ येते म्हणून ३ बाद होतो, एकाआड एक अंकांच्या दोन बेरजांमधला फरक १२ येतो म्हणून ११ बाद होतो, आणि तिथेच या कसोट्यांची धाव संपते.

या संख्येचे शेजार पाहण्यासारखे आहेत. तिच्या आधीची २,१४,७४,८३,६४६ ही संख्या २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१ अशी लहान लहान अवयवांत सहज मोकळी होते, आणि तिच्या नंतरची २,१४,७४,८३,६४८ ही तर २ हा अंक एकतीस वेळा घेऊन केलेला गुणाकार आहे, म्हणजे गणिताच्या भाषेत २ चा ३१ वा घात. दोन्ही बाजूंना अशा पुरत्या उलगडणाऱ्या संख्या असताना मधली मात्र कुठेच फुटत नाही, ही गोष्ट मूळसंख्यांच्या स्वभावाविषयी बरेच काही सांगून जाते.

प्रस्तुत संख्येची सगळी वैशिष्ट्ये तिच्या घडणीतून येतात आणि ती घडण २ च्या ३१ व्या घातातून १ वजा, इतकी साधी आहे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट दाणे ठेवत जाण्याची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. त्या पटावरच्या पहिल्या एकतीस घरांतले दाणे एकत्र केले, तर त्यांची संख्या नेमकी २,१४,७४,८३,६४७ भरते, आणि बत्तिसाव्या घरात त्याहून बरोबर एक दाणा जास्त असतो. १ आणि २ मिळून ३, त्यात ४ मिळवून ७, त्यात ८ मिळवून १५ अशी बेरीज करत गेल्यास प्रत्येक टप्प्यावर पुढच्या दुपटीला एक कमी पडतो, हे कोणालाही पडताळता येते. केवळ ० आणि १ हे दोनच अंक वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत ही संख्या लिहिली, तर ओळीने एकतीस वेळा १ लिहावा लागतो. दशमान पद्धतीत ९, ९९, ९९९ या संख्यांचे जे स्थान, तेच द्विमान पद्धतीत या घडणीच्या संख्यांचे असते, आणि पुढे या साम्याचा मोठा उपयोग दिसेल.

अशा घडणीच्या संख्यांकडे गणितज्ञांचे लक्ष प्रथम गेले ते परिपूर्ण संख्यांमुळे. स्वतःला सोडून उरलेल्या सर्व विभाजकांची बेरीज ज्या संख्येइतकीच येते, ती परिपूर्ण संख्या. ६ चे विभाजक १, २, ३ आणि त्यांची बेरीज ६. २८ चे विभाजक १, २, ४, ७, १४ आणि त्यांची बेरीज २८. युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या नवव्या खंडात असे सिद्ध केले की, १ पासून दुपटी करत त्यांची बेरीज घेत गेले आणि ती बेरीज एखाद्या टप्प्यावर मूळसंख्या आली, तर तिला शेवटच्या दुपटीने गुणल्यावर परिपूर्ण संख्या मिळते. १ + २ + ४ = ७ ही मूळसंख्या आहे, शेवटची दुप्पट ४ आहे, आणि ७ × ४ = २८. म्हणजे परिपूर्ण संख्या हव्या असतील, तर दुपटींच्या बेरजांपैकी कोणत्या मूळ आहेत, हे शोधावे लागते.

यातला एक निकष सोपा आहे. घातांक स्वतः संयुक्त असेल, तर मिळणारी संख्याही संयुक्तच असते: २ चा ६ वा घात वजा १ म्हणजे ६३, आणि ६ ला २ व ३ यांनी भाग जातो म्हणून ६३ लाही २ व ३ या घातांकांवरून मिळणाऱ्या ३ आणि ७ या संख्यांनी भाग जातो. त्यामुळे घातांक मूळ असणे आवश्यक ठरते; पण तेवढे पुरेसे मात्र नाही. २, ३, ५, ७ या घातांकांवरून ३, ७, ३१, १२७ या मूळसंख्या मिळतात, आणि घातांक ११ घेतला की २०४७ मिळते, जी २३ × ८९ आहे. इथे नियम मोडतो, आणि प्रत्येक घातांकाची स्वतंत्र परीक्षा घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

बोलोन्याचा गणितज्ञ पिएत्रो कातालदी याने १६०३ मध्ये छापलेल्या पुस्तकात ही परीक्षा घेतलेली आढळते. साडेसातशेपर्यंतच्या मूळसंख्यांचा तक्ता तयार करून आणि त्यातल्या एकेका संख्येने भाग घालून त्याने १७ आणि १९ या घातांकांच्या संख्या मूळ असल्याचे दाखवले, आणि इथवर त्याचे काम निर्दोष होते. त्यापुढे २३, २९, ३१ आणि ३७ हे घातांकही मूळसंख्या देतात, असे त्याने पुरेशा आधाराविना सांगून टाकले. १६४० मध्ये फ्रान्सच्या पिएर द फर्माने २३ च्या बाबतीत ४७ हा आणि ३७ च्या बाबतीत २२३ हा विभाजक काढून दाखवला, आणि १७३८ मध्ये लेओनार्ड ऑयलरने २९ च्या बाबतीत २३३ ने भाग जातो हे दाखवले. चारांपैकी तीन विधाने अशी खोटी ठरली आणि ३१ चे तेवढे खरे ठरायचे होते.

दरम्यान १६४४ मध्ये पॅरिसमधील मारँ मेर्सेन या धर्मगुरूने २५७ पर्यंतच्या घातांकांची एक यादी प्रसिद्ध केली. युरोपभरच्या गणितज्ञांशी सतत पत्रव्यवहार ठेवून एकाचे संशोधन दुसऱ्यापर्यंत पोहोचवणारा हा मनुष्य होता, आणि त्याच्याच नावावरून आज या घडणीच्या मूळसंख्यांना मेर्सेन मूळसंख्या म्हणतात. त्याच्या यादीत २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ हे घातांक होते. त्यांतले ६७ आणि २५७ पुढे चुकीचे ठरले, आणि ६१, ८९ व १०७ हे त्याच्याकडून राहून गेले होते. ३१ त्याच्या यादीत होता. पण यादीत असणे आणि सिद्ध होणे यांत फार अंतर असते, आणि ते अंतर ऑयलरने १७७२ मध्ये ओलांडले. त्या वेळी तो सेंट पीटर्सबर्गमध्ये होता, वय पासष्टीचे होते, दोन्ही डोळ्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती, आणि बर्लिनच्या बर्नुलीला पाठवलेल्या एका पत्रात त्याने आपला निष्कर्ष थोडक्यात कळवला होता.

ऑयलरने हे काम कसे साधले, ते सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण या संख्येच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. एखादी संख्या संयुक्त असेल, तर तिचा निदान एक मूळ विभाजक तिच्या वर्गमूळाहून मोठा नसतो. ४६,३४१ चा वर्ग प्रस्तुत संख्येपेक्षा मोठा आहे, म्हणून ४६,३४० पर्यंतच्या सर्व मूळसंख्यांनी भाग घालून पाहणे पुरेसे आहे. परंतु अशा मूळसंख्या चार हजार सातशेहून अधिक आहेत. दहा अंकी संख्येला हाताने इतके भागाकार करणे अशक्य नव्हे, पण त्यात एक चूक झाली तरी सगळे श्रम वाया जातात. ऑयलरने आधी वेगळाच प्रश्न विचारला: या संख्येला विभाजक असलाच, तर तो कसा असेल?

याचे उत्तर बाक्यांच्या आवर्तनात सापडते. २ च्या वाढत्या घातांना २३ ने भागून बाक्या लिहीत गेल्यास २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १ अशा अकरा बाक्या मिळतात आणि त्यानंतर पुन्हा २, ४, ८ असा तोच क्रम सुरू होतो. या आवर्तनाची लांबी ११ आहे, आणि ११ ने २३ − १ म्हणजे २२ ला निःशेष भाग जातो. हा योगायोग नाही. विषम मूळसंख्या कोणतीही घेतली, तरी २ च्या घातांच्या बाक्यांचे आवर्तन त्या मूळसंख्येहून एकने कमी असलेल्या संख्येला निःशेष भागते, हा फर्माच्या छोट्या प्रमेयाचा परिणाम आहे. आता प्रस्तुत संख्येला एखाद्या मूळसंख्येने भाग जातो असे क्षणभर धरले, तर २ च्या ३१ व्या घाताला त्या विभाजकाने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे, म्हणजे आवर्तनाच्या लांबीने ३१ ला भाग गेला पाहिजे. आणि ३१ स्वतः मूळ असल्यामुळे ती लांबी ३१ च असली पाहिजे. त्यामुळे विभाजकातून १ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला ३१ ने भाग जातो, आणि विभाजक विषम असल्यामुळे २ नेही जातो, म्हणजे विभाजक हा ६२ च्या पटीपेक्षा एकने अधिक असावाच लागतो. घातांक ११ च्या उदाहरणात हे ताबडतोब पडताळता येते: २०४७ चे विभाजक २३ आणि ८९ हे २२ च्या एकपट आणि चौपट यांच्यापेक्षा बरोबर एकने जास्त आहेत.

एवढ्यावर न थांबता आणखी एक चाळणी लावता येते. २ च्या ३१ व्या घाताची बाकी १ असेल, तर ३२ व्या घाताची बाकी २ असेल. आणि २ चा ३२ वा घात म्हणजे ६५,५३६ चा वर्ग. म्हणजे विभाजक असा असला पाहिजे की, त्याने भागल्यावर एखाद्या पूर्ण वर्गाची बाकी २ उरते. ७ ने ९ ला भागून २ उरतात, १७ ने ३६ ला भागून २ उरतात, २३ ने २५ ला भागून २ उरतात. परंतु ५ किंवा ११ ने कोणताही वर्ग भागला तरी बाकी २ कधीच येत नाही. ज्या विषम मूळसंख्यांना ८ ने भागल्यावर १ किंवा ७ बाकी उरते, त्यांच्याच बाबतीत हे घडते, असा नियम आहे. दोन्ही अटी एकत्र केल्या की विभाजक २४८ च्या पटीत १ मिळवून किंवा ६३ मिळवून तयार होणाराच असावा लागतो, आणि ऑयलरने बर्नुलीला लिहिले ते नेमके हेच.

आता काम केवढे उरले ते पाहावे. ४६,३४० पर्यंत या दोन साच्यांत बसणाऱ्या संख्या पावणेचारशेच्या आत भरतात, आणि त्यांतल्या मूळ तेवढ्या निवडल्या की ऐंशीच्या आसपास उरतात. ६३, २४९, ४९७, ५५९ या संख्या स्वतःच संयुक्त असल्यामुळे गळतात, आणि पहिली खरी परीक्षा ३११ ची लागते. २,१४,७४,८३,६४७ ला ३११ ने भागल्यास भागाकार ६९,०५,०९२ येतो आणि बाकी ३५ उरते. त्यानंतरची मूळसंख्या १३०३. तिने भागल्यास भागाकार १६,४८,१०७ आणि बाकी २२६. त्यापुढे १४८९, आणि असेच वर्गमूळापर्यंत. कुठेही बाकी शून्य येत नाही. जवळजवळ पाच हजार भागाकारांचे काम केवळ विचाराच्या बळावर ऐंशीच्या घरात आले. गणिती सिद्धान्ताने श्रम किती वाचतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते, आणि शालेय पातळीवर ते दाखवता येण्याजोगे असूनही फारसे दाखवले जात नाही, याची खंत वाटल्याखेरीज राहत नाही.

या सिद्धतेमुळे युक्लिडच्या नियमानुसार आठवी परिपूर्ण संख्याही हाती आली. प्रस्तुत संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणले की २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही एकोणीस अंकी संख्या मिळते, आणि तिला स्वतःला सोडून उरलेल्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच येते. ६ वगळता सर्व सम परिपूर्ण संख्यांच्या अंकांची बेरीज पुन्हा पुन्हा करत गेल्यास शेवटी १ उरतो, असाही एक सुंदर गुणधर्म आहे: २८ चे १० आणि मग १, ४९६ चे १९, मग १०, मग १, आणि या एकोणीस अंकांची बेरीज ७३, मग १०, मग १. सम परिपूर्ण संख्या युक्लिडच्या रीतीखेरीज दुसऱ्या कोणत्याही रीतीने मिळूच शकत नाही, हेही ऑयलरनेच सिद्ध केले. विषम परिपूर्ण संख्या एकही सापडलेली नाही, आणि ती असणे अशक्य आहे असेही कोणाला सिद्ध करता आलेले नाही.

ऑयलरनंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ प्रस्तुत संख्या ही माणसाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळसंख्या होती. इंग्लंडच्या पीटर बार्लोने १८११ मधील आपल्या संख्यासिद्धान्तावरील पुस्तकात असे लिहिले की, तिच्यावरून मिळणारी परिपूर्ण संख्या हीच सापडणारी शेवटची ठरेल, कारण या संख्या कुतूहलाच्या असल्या तरी उपयोगाच्या नाहीत, आणि त्यामुळे त्यांच्या पलीकडे जाण्याचा खटाटोप कोणी करणार नाही. बार्लो हा सामान्य लेखक नव्हता. त्याने केलेले वर्गमुळांचे व घनमुळांचे तक्ते पुढे शतकभर वापरात राहिले. तरीही त्याच्या विधानाचे दोन्ही भाग चुकले. १८७६ मध्ये फ्रान्सच्या एदुआर ल्युकाने १२७ या घातांकाची एकोणचाळीस अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले, १८८३ मध्ये इवान पेर्वुशिन या रशियन धर्मोपदेशकाने ६१ या घातांकाची संख्या मूळ ठरवली, आणि शोध पुढे चालूच राहिला. उपयोगाची कथा त्याहून लांबची आहे.

हिशेब बरोबर आला की नाही हे पाहण्यासाठी नवाचा ताळा घेण्याची पद्धत जुनी आहे. दशमान पद्धतीत ९ ही पायाहून एकने कमी असल्यामुळे कोणत्याही संख्येला ९ ने भागून येणारी बाकी नुसती अंकांची बेरीज करून मिळते, भागाकार करावाच लागत नाही. द्विमान पद्धतीत प्रस्तुत संख्येचे स्थान तेच आहे. संगणकातल्या लांबलचक संख्येचे एकतीस-एकतीस अंकांचे गट पाडून ते गट एकमेकांत मिळवले, की २,१४,७४,८३,६४७ ने भागल्यावर येणारी बाकी हाती येते. भागाकार ही संगणकासाठी तुलनेने महाग क्रिया असते आणि बेरीज अगदी स्वस्त, म्हणून ज्या कामात एखाद्या मोठ्या मूळसंख्येने भागून बाकी पुन्हा पुन्हा काढावी लागते, तिथे ही संख्या फार सोयीची ठरते.

असे एक काम म्हणजे यादृच्छिक भासणाऱ्या संख्या निर्माण करणे. नमुना निवडीपासून भौतिकशास्त्रातील अनुकरणांपर्यंत अनेक ठिकाणी अशा संख्या लागतात, ज्यांच्या क्रमात माणसाला कसलीही संगती दिसू नये. १९६९ मध्ये ल्युइस, गुडमन आणि मिलर यांनी मांडलेल्या आणि १९८८ मध्ये पार्क व मिलर यांनी किमान दर्जा म्हणून पुरस्कारलेल्या पद्धतीत हातातल्या संख्येला १६,८०७ ने गुणून गुणाकाराला २,१४,७४,८३,६४७ ने भागतात आणि बाकी हीच पुढची संख्या धरतात. १ पासून सुरुवात केली तर १६,८०७, मग २८,२४,७५,२४९, मग १,६२,२६,५०,०७३ अशी मालिका चालू होते. भाजक मूळ असल्यामुळे ती कधीही शून्यात जाऊन अडकत नाही, आणि १६,८०७ हा गुणक नीट निवडलेला असल्यामुळे १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकेकदा येऊन गेल्याशिवाय पुनरावृत्ती होत नाही. हा गुणक योग्य आहे हे पडताळताना त्या शेजारच्या संख्येचे २, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१ हे अवयव लागतात, म्हणजे मूळसंख्येइतकाच तिचा उलगडणारा शेजारही इथे कामी येतो. गुप्त संदेशांसाठी ही पद्धत सुरक्षित नाही आणि आज तिच्याहून चांगल्या पद्धती आहेत, तरी शिकण्यासाठी आणि साध्या कामांसाठी ती अजून वापरात आहे.

बहुसंख्य लोकांच्या वाट्याला मात्र ही संख्या वेगळ्याच रूपात येते. संगणकात पूर्ण संख्या साठवण्यासाठी दीर्घकाळ बत्तीस बिटांची, म्हणजे बत्तीस द्विमान अंकांची, जागा देण्याचा प्रघात होता. त्यातले एक बिट धन की ऋण हे सांगण्यासाठी खर्ची पडते आणि उरलेल्या एकतीस जागांवर सगळीकडे १ आला की मावणारी सर्वांत मोठी संख्या होते, ती हीच. त्यात १ मिळवला तर किलोमीटर मोजणाऱ्या यंत्राचे सगळे ९ जसे एकदम शून्यावर येतात, तसा प्रकार घडून संख्या उणे २,१४,७४,८३,६४८ होऊन बसते. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबवरील ‘गंगनम स्टाइल’ या कोरियन गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने ही मर्यादा गाठली, आणि त्या संकेतस्थळाला आपला मोजणीचा आकडा चौसष्ट बिटांचा करावा लागला, तेव्हा ही संख्या वर्तमानपत्रांतही झळकली.

याहून गंभीर प्रश्न वेळेचा आहे. युनिक्स आणि तिच्या वळणाने तयार झालेल्या संगणक प्रणाली १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून गेलेले सेकंद मोजून वेळ ठेवतात, आणि त्या मोजणीला जुन्या रचनेत बत्तीस बिटेच दिलेली आहेत. २,१४,७४,८३,६४७ सेकंद म्हणजे २४,८५५ दिवस, ३ तास, १४ मिनिटे आणि ७ सेकंद. हा काळ १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, जागतिक वेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंदांनी पुरा होतो, तेव्हा भारतात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झालेले असतील. त्यानंतरच्या सेकंदाला न सुधारलेल्या यंत्रांची तारीख डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडेल. नव्या प्रणालींनी चौसष्ट बिटे घेऊन हा प्रश्न सोडवला आहे. परंतु कारखान्यांतल्या, इमारतींतल्या आणि उपकरणांच्या पोटातल्या जुन्या यंत्रांकडे वेळीच पाहणे आवश्यक आहे. येथे एक गोष्ट नमूद करायला हवी की, संगणकाची मर्यादा मूळसंख्या असणे हा निव्वळ योगायोग आहे. सोळा बिटांची मर्यादा ३२,७६७ ही ७ × ३१ × १५१ आहे, आणि चौसष्ट बिटांच्या मर्यादेचा घातांक ६३ हा संयुक्त असल्यामुळे त्या एकोणीस अंकी संख्येलाही ७ ने भाग जातो. या तीन मर्यादांत मूळसंख्या असण्याचा मान फक्त बत्तीस बिटांच्या मर्यादेला मिळाला आहे.

प्रस्तुत संख्येचा घातांक ३१ हा स्वतःही २ चा ५ वा घात वजा १ आहे, म्हणजे एका मेर्सेन मूळसंख्येवर दुसरी मेर्सेन मूळसंख्या इथे उभी आहे. अशा दुहेरी मेर्सेन मूळसंख्या आजवर चारच ठाऊक आहेत, ७, १२७, ही आणि १२७ या घातांकाची. मग २,१४,७४,८३,६४७ हाच घातांक घेऊन आणखी एक मजला चढवला तर काय होते, हा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्यातून तयार होणाऱ्या संख्येत चौसष्ट कोटींहून अधिक अंक असतील, आणि तरीही ती संयुक्त असल्याचे १९८३ पासून ठाऊक आहे, कारण तिला २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ ने भाग जातो. हा विभाजक शोधताना वापरलेला नियम ऑयलरचाच: तो घातांकाच्या दुपटीच्या ६८,७४५ पटीपेक्षा बरोबर एकने अधिक आहे. अशी संख्या लिहून काढायला शेकडो ग्रंथ लागतील, पण तिच्याविषयीचे हे सत्य पंधरा अंकांत मावते.

मोठ्या मेर्सेन संख्यांची परीक्षा आज भाग घालून होत नाही. ल्युकाने शोधलेली आणि १९३० मध्ये डेरिक लेमरने घोटीव केलेली कसोटी विभाजकांचा विचारच करत नाही. ४ पासून सुरुवात करायची, हातातल्या संख्येचा वर्ग करून त्यातून २ वजा करायचे, परीक्षेतल्या संख्येने भागून बाकी ठेवायची, आणि हे घातांकाहून दोनने कमी इतक्या वेळा करायचे; शेवटची बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली आणि आजवर ठाऊक असलेल्या मूळसंख्यांत सर्वांत मोठी ठरलेली १३,६२,७९,८४१ या घातांकाची मेर्सेन मूळसंख्या, जिच्यात चार कोटी दहा लाखांहून अधिक अंक आहेत, तीही याच कसोटीवर उतरली आहे.

प्रस्तुत संख्येसाठी या कसोटीच्या एकोणतीस पायऱ्या होतात, आणि वर्ग, वजाबाकी व भागाकार येणाऱ्या कोणाही वाचकाला त्या वहीत करून पाहता येतील. सुरुवात ४, १४, १९४, ३७,६३४ अशी होते. पुढची पायरी १,४१,६३,१७,९५४ ची, आणि तिथून प्रत्येक वेळी भाग घालून बाकी घ्यावी लागते. मधल्या बाक्यांत कसलाही क्रम दिसत नाही. अठ्ठाविसाव्या पायरीला बाकी ६५,५३६ येते, म्हणजे ऑयलरच्या दुसऱ्या चाळणीत ज्याचा वर्ग आला होता तीच संख्या. तिचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६. त्यातून २ वजा केले की ४,२९,४९,६७,२९४ उरतात, आणि ही २,१४,७४,८३,६४७ ची बरोबर दुप्पट आहे. एकोणतिसावी बाकी शून्य.